जवस खा, पण थायरॉईडची गोळी सोडू नका

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय, अश्वगंधा आणि जवस सुरू केलं तर थायरॉईडची गोळी बंद करता येईल का. ताई, कृपा करून गोळी स्वतःहून सोडू नका.

जवस आपल्या घरचंच. खमंग भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटलेली चटणी, वर कच्चं तेल अन् ज्वारीची भाकरी. रोज खा. त्यातलं लिग्नान नावाचं द्रव्य काहीसं इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे बाईच्या शरीरातल्या संप्रेरकासारखं वागतं, म्हणून पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा कमी होतात असं सांगतात. पण अमेरिकेतल्या २०१२ च्या चाचणीत १८८ बायकांना जवसाचे किंवा बिनजवसाचे बार दिले, तर आराम दोन्हीकडे सारखाच पडला.

अश्वगंधेचं तसं नाही. २०१८ च्या एका भारतीय चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अर्काने आठ आठवड्यांत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) उतरला. मात्र ते अवघे ५० जण होते, तेही थायरॉईड किंचितच कमी असलेले. तुमची गोळी चालू असताना वरून अश्वगंधा घेतली तर थायरॉईडचं संप्रेरक जास्त होऊन धडधड, घाम, झोप उडणं मागे लागू शकतं. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदर बाईने तर तिला हातच लावू नये. आणि बाजारातल्या सुट्या पावडरीच्या पुडीत किती काय आहे, हे कळायला मार्गच नसतो.

गोळी उपाशीपोटीच घ्या, जवस दुपारच्या जेवणात ठेवा. त्यातल्या तंतूमुळे औषध कमी शोषलं जाऊ शकतं. अश्वगंधा आधीच सुरू केली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि टीएसएच तपासून घ्या.