लँडेरॉन ४८ क्रोनोग्राफ : काटा शून्यावर येत नाही, जाणकार कारागीर सुचवा

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. मामांचं चावीचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, माझ्याकडे आलंय. डायलवर 'क्रोनोग्राफ स्विस', १८ कॅरेटची केस, आत लँडेरॉन ४८ मशीन. वेळ चोख दाखवतं. अडचण आहे स्टॉपवॉचच्या मधल्या मोठ्या सेकंदकाट्याची. रिसेट केला (शून्यावर आणला) की कधी ५८ सेकंदांवर थांबतो, कधी २ सेकंदांवर, कधी बरोबर वरच्या १२ च्या खुणेवर.

दरवेळी सारखाच फरक असता तर काटा उचलून नीट बसवला की भागलं असतं. इथे जागा बदलते, म्हणजे एकतर काटा आसावर सैल झालाय, नाहीतर रिसेटचा हातोडा (काटा शून्यावर ढकलणारा लिव्हर) काट्याच्या आसावरच्या बदामाच्या, म्हणजे हृदयाच्या, आकाराच्या चकतीवर पुरता टेकत नाही. यातलं नेमकं काय, हे न उघडता ओळखता येतं का?

नव्या पेठेत एका ठिकाणी दाखवलं. ते म्हणाले, वरच्या बटणाने काटा थांबत नाही, हाही बिघाड आहे. तो बिघाड नाहीच! लँडेरॉन ४८ मध्ये वरचं बटण फक्त चालू करतं. थांबवायचं खालच्याने, आणि तेच पुन्हा दाबलं की रिसेट. वरच्याच बटणाने चालू-बंद होतं ते व्हॅल्जू ७७३३, ७७३४ वगैरे मशीनमध्ये. हा 'दोष' काढायच्या नादात एखादा लिव्हर वाकवतील या भीतीने घड्याळ परत आणलं.

डायल नवी रंगवून देतो, असंही म्हणाले. ते मला अजिबात नको. डाग आहेत, टॅकीमीटरचे (वेग मोजायच्या पट्टीचे) आकडे फिके झालेत, पण छपाई मूळची आहे आणि ती एकदा पुसली की गेलीच. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड होतात, छोट्या गोलांतल्या रेघा हलतात. जाणकार लगेच ओळखतो. केसला पॉलिशही नको, सोन्याचा पत्रा आधीच फार पातळ आहे. (घरच्यांचं मत सराफाकडे मोडून टाका असं आहे. मी असेपर्यंत ते होणार नाही.)

तर पुणे, मुंबई किंवा हैदराबादला क्रोनोग्राफ नियमित उघडणारे कोणी माहीत आहेत का? फक्त मशीन धुऊन, तेल घालून, रिसेट नीट करणारे हवेत. गाडीने स्वतः घेऊन जाईन, कुरिअरवर भरवसा नाही. हातोडा झिजला असेल तर बंद पडलेल्या दुसऱ्या लँडेरॉन ४८ चा चालतो का, आणि असं मशीन कुठे मिळेल? खर्चाचा साधारण अंदाजही सांगा. आणि तोवर स्टॉपवॉच वापरू की नको?