अमांडा माइअरचा बी मायनर सोनाटा: आधी कोणता भाग धरावा?

बर्डीचा_बो:
डिसेंबरात नागपुरातच एका घरगुती मैफलीत एकोणिसाव्या शतकातल्या स्वीडिश संगीतकार अमांडा माइअर यांचा व्हायोलिन-पियानो सोनाटा (तीन भागांची रचना) वाजवायचा आहे. तयारी व्हायोलिनच्या परीक्षेतल्या ग्रेड सातपर्यंतची. तिन्हींपैकी कोणता भाग आधी बसवावा? साथीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, चालेल का? शिवाय या उन्हात व्हायोलिनच्या खुंट्याच टिकत नाहीयेत जी.

तारसप्तक:
मधला भाग आधी. संथ आन्दान्तिनो, पोटात चपळ अ‍ॅलेग्रेत्तो, मग पुन्हा संथ. बो (गज) आवरायला शिकवतो. शेवटचा अ‍ॅलेग्रो मोल्तो व्हिव्हाचे (खूप जलद) सगळ्यात शेवटी, तोही महिनाभर निम्म्या लयीत.

पहिल्या भागात अडतं ते ए शार्पशी, म्हणजे बी या सुराच्या लगेच खालच्या सुराशी. ए तारेवर पहिल्या बोटाने तो घेऊन तेच बोट बीवर सरकवलं, की मधली घसरण ऐकू येते. त्यापेक्षा हात अर्ध्या पोझिशनमध्ये (नेहमीच्या जागेहून अर्धा सूर मागे) न्या: ए शार्पला पहिलं बोट, बीला दुसरं. हाच सूर डी तारेवर ताणलेल्या चौथ्या बोटाने घ्याल तर तो बहुतेक उतरलेलाच लागतो. ए शार्प बीला खेटून हवा, नाहीतर बी मायनरची धारच जाते.

खुंट्यांचं म्हणाल तर, मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंटी सुटते. मग कूलर लावला की तीच फुगून जाम होते. म्हणून व्हायोलिन कूलरच्या झोतात ठेवू नका. खुंटीला पेग पेस्ट (खुंटी सरकू नये, अडकू नये म्हणूनचा लेप) लावा, तारेचे शेवटचे वेढे खुंटीपेटीच्या भिंतीकडे जाऊ द्या, फिरवताना खुंटी आत दाबा. उन्हात उभ्या गाडीत तर वाद्य ठेवूच नका: सरस मऊ पडून कडेचा सांधा उघडतो.

काळी_पांढरी:
६१ पट्ट्यांवर जमणार नाही. डावा हात खाली उतरला की पट्ट्या संपतात, सप्तक वर उचललं की पोत विरळ होतो. ८८ वजनी (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्या आणि सूर लांबवणारं सस्टेन पेडल हवंच. हा पियानो साथीचा नाही, बरोबरीचा आहे. खरा पियानो मिळाला तर झाकण अर्धं उघडा, पण वाजवणाऱ्याला भिऊन वाजवायला लावू नका.

गोकुळपेठ_ऐकणारा:
बाईंची ओळख छापणार असाल तर: जन्म १८५३, स्वीडनमधलं लांडस्क्रोना. १८७२ मध्ये स्टॉकहोमच्या संगीत अकादमीतून ‘म्युझिकडिरेक्टर’ (संगीत दिग्दर्शक) ही पदवी घेणारी पहिली स्त्री. पुढे लाइपझिगला एंगेलबर्ट रोंटगेनकडे व्हायोलिन. १८८० मध्ये त्यांच्याच मुलाशी, युलियुसशी लग्न करून अ‍ॅमस्टरडॅम (एक्स-रेवाले रोंटगेन ते हे नव्हेत). लग्नानंतर जाहीर मैफली थांबल्या, लिहिणं थांबलं नाही: ई मायनर पियानो क्वार्टेट (पियानो आणि तीन तंतुवाद्यांची रचना) १८९१ चं. १८९४ मध्ये निधन. डी मायनर व्हायोलिन कॉन्चेर्तोचा (व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचनेचा) एकच भाग आज हाती आहे.

सोनाटा १८७८ मध्ये छापला गेला, स्वामित्वहक्क कधीच संपलाय. नोटेशन शोधताना ‘माइअर’ आणि ‘रोंटगेन-माइअर’ दोन्ही नावांनी शोधा. जुन्या प्रतीची झेरॉक्स काढाल तर पान उलटायच्या जागा आधी पाहून घ्या, पियानोवाल्याचे हात रिकामे नसतात.