मदत हवी आहे: एक एक्स गुणसूत्र बंद असतं, तर रंगांधत्वाच्या वाहक स्त्रीला रंग नीट कसे दिसतात?

आनुवंशिकतेची मूलतत्त्वं स्वतःच शिकतोय; पाया बारावीच्या जीवशास्त्राएवढा. लाल-हिरव्या रंगांधत्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर, दोष अप्रभावी (जोडीला चांगली प्रत असली तर दिसत नाही), म्हणून एक सदोष एक्स असलेली आई वाहक आणि प्रत्येक मुलग्याला रंगांधत्व येण्याची शक्यता 50 टक्के. पनेट चौकट (आई-वडिलांच्या जनुकांच्या जोड्या मांडायचा तक्ता) मांडून हे जमतं, त्यामुळे कृपया तीच पुन्हा नको.

गाडी अडली ती आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी लायन यांच्या 1961 च्या मांडणीवर. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स जवळपास पूर्ण बंद होतो, आणि कोणता ते त्या त्या पेशीत नशिबावर. मग वाहक स्त्रीच्या दृष्टिपटलातल्या साधारण निम्म्या शंकुपेशींत (रंग टिपणाऱ्या पेशींत) सदोष एक्सच चालू असणार ना? हिमोफिलियाचं (रक्त नीट न गोठण्याचा, तोही एक्सवरचाच आजार) कोडं सुटलं: रक्त गोठवणारा घटक काही पेशींनी बनवला तरी रक्तातून सगळीकडे पोचतो. (हे उदाहरण सगळीकडे देतात, पण डोळ्याला ते लागूच पडत नाही.) शंकुपेशी आपलं रंगद्रव्य शेजारणीला देत नाही.

तर ‘अप्रभावी’ हे इथे पेशीच्या पातळीवर ठरतं की मेंदू निम्म्या चांगल्या पेशींवर भागवून घेतो म्हणून? आणि बहुतेक पेशींत योगायोगाने चांगलाच एक्स बंद झाला, तर वाहक स्त्रीलाही रंगांधत्व येतं का?