मदत हवी आहे: पॉवर बँकवरचे आकडे पुसलेत, विमानात नेऊ देतील का?

पुढच्या आठवड्यात आधी 14 तास ट्रेन, मग लगेच दोन आंतरराष्ट्रीय विमानं. ट्रेनमधले चार्जिंग पॉइंट म्हणजे पिन बोटाने दाबून धरली तरच चार्ज होणार, त्यामुळे पॉवर बँक हवीच. ती चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, हे माहीत आहे.

माझी 20000 एमएएच, 3.7 व्होल्टची आहे. म्हणजे 74 वॉट-तास, 100 च्या मर्यादेच्या बरीच आत. पण मागची छपाई घासून गेलीय. ‘20’ दिसतं, पुढची शून्यं मोजून घ्यावी लागतात. मागच्या प्रवासात तपासणीवाल्यांनी ती उजेडात तिरकी धरून पाच मिनिटं न्याहाळली. सोडली खरी, पण मागची रांग माझ्याकडे जे बघत होती!

बिल सापडलं, पण त्यावर फक्त मॉडेल नंबर आहे. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. स्वतः लेबल छापून चिकटवणं मला तरी जास्तच संशयास्पद वाटतं. नवीन घेणं हा शेवटचा उपाय.

बिल आणि कंपनीच्या साइटवरची त्या मॉडेलची माहिती छापून दाखवली तर चालतं का? विशेषतः मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते तिथे कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?