मदत हवी आहे: पेरोव्स्काइट, गार्नेट ही खनिजं की कारखान्यातले पदार्थ?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. भाचीला अकरावीच्या सायन्स एक्झिबिशनसाठी खनिजांचा चार्ट करायचाय आणि आम्ही दोघी एका ठिकाणी अडकलोय. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, घन, ठरावीक रासायनिक घडणीचा आणि आत अणू एका क्रमाने रचलेला पदार्थ, इथपर्यंत ठीक. पेरोव्स्काइट 1839 साली उरल पर्वतातल्या नमुन्यात सापडलं, ते कॅल्शियम टायटेनियम ऑक्साइड. पण हल्ली ज्या पेरोव्स्काइट सोलर सेलचं एवढं ऐकतो त्यात बहुतेक वेळा शिसं आणि आयोडीन असतं, कॅल्शियमही नाही न् टायटेनियमही नाही! म्हणजे अणूंची मांडणी तशी म्हणून तेच नाव, बरोबर ना?

गार्नेटचंही तेच. माझ्याकडे राजस्थानातला एक खडा आहे, इतका गडद की काळाच वाटतो, उजेडात धरला की कडेला लाल दिसतो, पैलू शंकरपाळ्यासारखे. त्यात सिलिकॉन असतं, आणि लेसरमधल्या यॅगमध्ये, म्हणजे यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटमध्ये, सिलिकॉन अजिबात नाही, ते स्फटिक माणसंच वाढवतात.

मला वाटतं चार्टवर निसर्गातली खनिजं आणि माणसांनी बनवलेले पदार्थ असे दोन रकाने वेगळेच हवेत, भाची म्हणते एकत्र दाखवू म्हणजे नातं कळेल. तुम्ही काय कराल? आणि अशी अजून एक-दोन उदाहरणं सुचवा ना, शिवाय इंदुरात कोणाकडे खनिजांचे नमुने असतील तर दोन दिवसांसाठी मिळतील का? अगदी जपून वापरू.