विषय: रविवारची लढत – चिमायेव, डु प्लेसी आणि आपली मातीतली पोरं

प्रेषक: अनगोळकर
बुधवार, 13 ऑगस्ट 2025

राम राम मंडळी,

सुट्टीवर घरी आलोय. बेळगावात पावसानं पाय बाहेर टाकू दिलेला नाही, त्यामुळे काम एकच, जुन्या लढती बघणे. रविवारी यूएफसी 319 आहे, म्हणजे पिंजऱ्यातल्या एमएमएच्या लढती, जिथं कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालतं. शिकागोत शनिवारची रात्र असेल, आपल्याकडे सकाळी साडेसातला मुख्य लढती चालू होतील. पट्ट्याची, म्हणजे विजेतेपदाची लढत लागेपर्यंत दहा वाजतील.

मिडलवेट वजनगटाचा पट्टा ड्रिकस डु प्लेसीकडे आहे. दक्षिण आफ्रिकेचा हा गडी खेळायला एकदम बेंगरूळ. ठोसा कुठून येतोय ते त्याला तरी ठाऊक असतं की नाही, देव जाणे. दुसऱ्या फेरीतच तोंड उघडं टाकून धापा टाकतो, आता हा संपला असं वाटतं आणि चौथ्या फेरीत समोरच्यालाच घेऊन जातो. गेल्या ऑगस्टमध्ये पर्थला माजी विजेत्या अदेसान्याचं तेच केलं.

समोर खमझात चिमायेव. जन्म चेचेन्याचा, कुस्ती स्वीडनमध्ये वाढली. 14 लढती, 14 जिंकलेल्या. घंटा झाली की सरळ पटाला, म्हणजे समोरच्याच्या पायांना हात घालतो. खडाखडी नाही, अंदाज घेणं नाही. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत माजी विजेत्या व्हिटकरला पहिल्याच फेरीत पाठीवर बसून जबडा असा आवळला की त्याचे खालचे दात हलले. आपल्या आखातातल्या मंडळातले चौघे जण ती लढत बघायला गेले होते, त्यांनी सांगावं.

माझा अंदाज, चिमायेव. गुणांवर नाहीतर गळा आवळून. बोला.

– अनगोळकर

प्रेषक: मामा, निपाणी
बुधवार, 13 ऑगस्ट 2025

अनगोळकर,

आखात सोडून निपाणीत येऊन बसलो तरी तुमच्या लिस्टीतनं माझं नाव काही निघत नाही, तेव्हा वाचायला लागतंय. चिमायेव दोन फेऱ्या वाघ. तिसरीपासनं बघा. बर्न्सबरोबर आणि उस्मानबरोबर शेवटाला त्याचा दम कुठं गेला होता? आणि त्या फक्त तीन फेऱ्यांच्या लढती. ह्या पाच फेऱ्या, पाच-पाच मिनिटांच्या.

दुसरी गोष्ट. हे पट काढणं, मागं जाऊन कब्जा घेणं, सवारी भरणं म्हणजे पाठीवर बसून पाय अडकवणं, ह्यात नवीन काय आहे? आमच्या तालमीत मिसरूड न फुटलेली पोरं हेच करायल्यात. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली दिल्लीत पहिले हिंदकेसरी झाले, ते काय पिंजऱ्यात शिकून? आपल्या भागातला एखादा तयार मल्ल उचला, दोन महिने ठोसे शिकवा आणि सोडा त्या आठ कोनांत. कब्जा कसा असतो ते दाखवील.

हे विचारायला कारण आहे. भाच्याचा पोरगा 70 किलोत चांगला खेळतो, घिस्सा डाव झकास मारतो, आणि आता त्याच्या डोक्यात हे एमएमएचं भूत शिरलंय.

– मामा

प्रेषक: अनगोळकर
गुरुवार, 14 ऑगस्ट 2025

मामा,

पट, कब्जा, सवारी सगळं मान्य. घोडं अडतंय ते बचावात.

मातीत आपण पोराला पहिल्या दिवसापासून काय शिकवतो? पाठ लागू द्यायची नाही. खाली गेलास तर पोटावर पड, कोपरं अंगाला चिकटव, हनुवटी आत घे आणि मातीला घट्ट धरून रहा. वरचा हप्ते भरू दे, नाकपट्टी ओढू दे, एकलंगी लावू दे, कुठलाही डाव करू दे, हलायचं नाही. येळ्ळूरच्या चांगळेश्वरीच्या जत्रेतल्या मैदानात असं पडून राहून बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात.

पिंजऱ्यात नेमकं हेच केलंत की मेलात. पोटावर पडलेल्याच्या पाठीवर वरचा बसतो, दोन्ही पाय मांड्यांच्या आतून अडकवतो, कानामागं ठोसे घालतो. ठोसा चुकवायला डोकं उचललं की हात गळ्याखाली. तिथं पाठ टेकणं ही हार नाहीच. पाठीवर पडलेला माणूस पायांनी कंबर धरून लढू शकतो, खालून हात मोडू शकतो. आपल्या पोराला पाठीवर झोपवलं तर लाजेनंच तो उलटा होईल.

रितू फोगाट आठवा. फोगाटांच्या घरातली, कुस्तीत काय कमी असणार? डिसेंबर 2021 मध्ये वन चॅम्पियनशिप ह्या यूएफसीसारख्याच संघटनेच्या स्पर्धेत अंतिम लढतीत स्टॅम्प फेअरटेक्स नावाच्या थाई पोरीनं तिला हरवलं. ती पोरगी मुय थाईची, लाथा-कोपरांची खेळाडू. हरवलं कशानं? खालून हात अडकवून. भारताचा भरत खंडारे 2017 ला शांघायमध्ये यूएफसीत उतरला, सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत गळा आवळला.

आणि जुनं हवं असेल तर डिसेंबर 1976, कराची. अक्रम पहिलवान म्हणजे गामाचा सख्खा पुतण्या. समोर जपानचा इनोकी. इनोकीनं खांद्यात हात पिरगाळला, अक्रमनं हार मानली नाही, हात गेला. त्याच्या कुस्तीत हात मोडून हरणं हा प्रकारच नव्हता, तर तो हार कशी मानणार?

– अनगोळकर

प्रेषक: मामा, निपाणी
गुरुवार, 14 ऑगस्ट 2025

हरलेल्यांचीच यादी काढली तर काय, कुणाचीही निघते. अर्जन भुल्लरचं नाव बरं घेतलं नाहीस? 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण, 2021 ला वन चॅम्पियनशिपचा हेवीवेट विजेता. पंजाब्याचं रक्त आणि कुस्तीच.

अक्रमचं मात्र खरं आहे. ते वाचून माझे वडील दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

– मामा

प्रेषक: लिस्ट सांभाळणारा
गुरुवार, 14 ऑगस्ट 2025

विनंती: गणपतीच्या जेवणाची नावं ज्या मेलवर द्यायची होती तिथं कुणीतरी "चिमायेव, तिसरी फेरी" असं उत्तर दिलंय. ते पान धरायचं की नाही? 27 तारखेला चतुर्थी आहे, केटरर रोज विचारतोय.

प्रेषक: अक्का, खानापूर
शुक्रवार, 15 ऑगस्ट 2025

नमस्कार. आईकडे आलेय, नेट अधूनमधून येतं, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मामा, भुल्लर कॅनडात वाढला आणि अमेरिकेतल्या जिममध्ये वर्षानुवर्षं घासला. दोन महिन्यांत ठोसे शिकून उतरला नव्हता. त्याचं उदाहरण अनगोळकरांच्या बाजूला जातं.

अनगोळकर, पोटावर पडायचं खापर एकट्या मातीवर फोडू नका. मी शाळेपासून ज्युडो खेळले, आम्हीही तेच करायचो. कासवासारखं गोळा होऊन थांबायचं, पंच थोडा वेळ वाट बघतो आणि उभं करतो. जो खेळ जे वाचवतो तेच अंगात मुरतं. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव 2018 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये कुराश ह्या मध्य आशियातल्या कुस्तीत कांस्य घेऊन आली. कुराशमध्ये तर जमिनीवरची झटापटच नाही, गुडघा टेकला की उभे रहा. उभ्यानं फेकण्यात ही पोरगी कुणाला ऐकायची नाही, पण पिंजऱ्यात फेकल्यानंतरची पाच मिनिटं उरतात, ती वेगळी शिकावी लागतात.

आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती म्हणजे पिंजऱ्याची जाळी. मातीत जोड कडेला गेली की पंच मधे आणतो. पिंजऱ्यात कडेलाच खरा खेळ. खबीब, इस्लाम मखाचेव ही यूएफसी जिंकलेली दागेस्तानची मंडळी बघा. पट निघाला नाही तरी सोडत नाहीत, माणसाला जाळीला चिकटवतात, त्याचे पाय आपल्या पायांत गुंडाळतात. तो उठायला एक हात जमिनीला लावतो, ते त्याच हाताचं मनगट त्याच्या पाठीमागून धरतात. आता उरलेल्या एका हातानं त्यानं उठायचं की तोंड वाचवायचं? हे मनगट धरणं मातीच्या पोराला येतं, जाळी येत नाही. ते शिकवता येईल.

रविवारचं म्हणाल तर मी डु प्लेसी, चौथी फेरी.

– अक्का

प्रेषक: अनगोळकर
रविवार, 17 ऑगस्ट 2025

झालं बघा. तिन्ही पंचांनी 50-44. पाचही फेऱ्या चिमायेवच्या.

आमच्याकडे तिसऱ्या फेरीत करंट गेला, उरलेलं चौघांनी एका मोबाईलवर डोकी लावून बघितलं. काही चुकलं नाही, कारण चित्र तेच होतं. घंटा झाल्या झाल्या पट, डु प्लेसी खाली. पहिल्या फेरीत तर चिमायेवनं त्याचा एक हात पायांत आणि दुसरा काखेत अडकवून त्याला आडवा ठेवला आणि मोकळ्या हातानं टकटक टकटक. 25 मिनिटांतली 21 हून जास्त मिनिटं कब्जा. 12 वेळा खाली आणलं. 529 ठोसे, त्यातले जोरदार म्हणून मोजलेले फक्त 37. मामा, दम कुठं गेला म्हणालात ना? ह्या वेळी मोजूनमापून खर्च केला.

त्या दिवशीच्या बाकी लढतींत मजा वेगळीच. गरकन फिरून मारलेल्या कोपरानं दोन लढती संपल्या. कार्लोस प्रातेसनं जेफ नीलला पहिल्या फेरीचा एक सेकंद उरला असताना झोपवलं. आणि ॲरन पिको, 2016 च्या अमेरिकन ऑलिंपिक चाचणीत अंतिम फेरीपर्यंत गेलेला मल्ल, यूएफसीत पहिलीच लढत, पुढं घुसायला गेला आणि लेरोन मर्फीच्या कोपरावर डोकं देऊन बसला. कुस्तीवाले सगळेच चिमायेव नसतात.

– अनगोळकर

प्रेषक: मामा, निपाणी
रविवार, 17 ऑगस्ट 2025

जिंकला, मान्य. पण ह्याला काय कुस्ती म्हणायची? 21 मिनिटं अंगावर बसून एक माणूस चीत होईना? आपल्याकडं पंचानं दहादा उभं करून खडाखडी लावली असती, हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली असती, आणि लोकांनी काय केलं असतं ते इथं लिहायला नको. 37 ठोसे म्हणे. चिमटे काढत होता तो.

मला तर शेवटच्या फेरीत डु प्लेसीनं गळ्याला हात घातला तेवढंच बघण्यासारखं वाटलं. वाईट खेळला नाही, त्याला खेळूच दिलं नाही.

– मामा

प्रेषक: अक्का, खानापूर
सोमवार, 18 ऑगस्ट 2025

मामा, ते चिमटे फुकटचे नव्हते. वरचा नुसता बसून राहिला तर पंच उभं करतो. हात चालू ठेवला की पंचाला उभं करायला कारण मिळत नाही, आणि खालच्याला प्रत्येक टकटकीला डोळे मिटावे लागतात, त्याचा अंदाज चुकतो. बघायला कंटाळा आला हे खरं. मीही चौथ्या फेरीत चहा टाकायला उठले, तेही माझा गडी जिंकणार असलेल्या फेरीत.

तुमच्या भाच्याच्या पोराबद्दल. त्याला ही लढत दाखवू नका, व्हिटकरची दाखवा, पाठीवर बसून काय होतं ते त्यात दिसेल. तालीम अजिबात सोडायची नाही, ती कंबर आणि ती पकड कुठल्या जिममध्ये मिळत नाही. पण स्पर्धेत उतरायच्या आधी निदान सहा महिने जिउजित्सूवाल्याकडे, म्हणजे जमिनीवरची झटापट शिकवणाऱ्याकडे जाऊन मुद्दाम पाठीवर पडून खेळू दे. रोज हरेल, हरू दे. हात अडकला की थाप मारायची, म्हणजे हार मानायची, वाट बघायची नाही, हे तेवढं नीट बजावून सांगा. तालमीतल्या पोरांना थाप मारायचीच लाज वाटते आणि खांदे जातात. 70 किलो म्हणता तर खालच्या गटात खेळायला वजन तोडायच्या भानगडीत आत्ताच पडू नये.

आणि त्यानं वस्तादांना विचारलंय ना? नाहीतर उद्या कुठल्यातरी व्हिडिओत त्यांना दिसायचा.

– अक्का

प्रेषक: मामा, निपाणी
सोमवार, 18 ऑगस्ट 2025

विचारलेलं नाही. म्हणून तर पोरगं आठवडाभर माझ्याकडं मुक्कामाला आहे. तुम्ही खानापुरात किती दिवस आहात? एक दिवस इकडं येऊन वस्तादांशी बोलाल का? माझं ते ऐकायचे नाहीत, मी त्यांच्याच हातचा पळून गेलेला पोरगा.

आणि जेवणाच्या मेलवर चिमायेव लिहिणारा मी नव्हे. माझं पान धरू नका, मी इथंच आहे.

– मामा