मदत हवी आहे: रीड-ओन्ली पानावर ब्रेकपॉइंट कसा लावू?

मंडळी, मालवणात घरी बसून जुन्या डेस्कटॉपसाठी एक छोटंसं ३२ बिटी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. सीरियल केबलवरून जीडीबी या डीबगरशी (प्रोग्रॅम थांबवून चुका शोधायचं साधन) बोलणारा स्टब, म्हणजे कर्नलमधला छोटा मदतनीस कोड, तोही माझाच. परवापर्यंत सुरळीत होतं. मग हौसेने कर्नलच्या कोडची पानं (मेमरीचे तुकडे) रीड-ओन्ली केली, प्रोसेसरच्या सीआर० रजिस्टरमधला डब्ल्यूपी बिट (जो कर्नललाही अशा पानांवर लिहू देत नाही) चढवला आणि माशी शिंकली.

ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावायचा म्हणजे इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट उचलून तिथे हेक्समधला सीसी, म्हणजे थांबवणारी इन्स्ट्रक्शन, ठेवायचा. स्टब तो ठेवायला जातो आणि स्वतःच पेज फॉल्ट (पान वापरता न आल्याची प्रोसेसरची तक्रार) खातो. एरर कोड ३, सीआर२ मध्ये (फॉल्टचा पत्ता इथे येतो) नेमका ब्रेकपॉइंटचाच पत्ता. म्हणजे पान जागेवर आहे, लिहायला मनाई आहे.

क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये (सॉफ्टवेअरमधला नकली संगणक) मात्र सगळं बिनबोभाट चालायचं. तिथे केव्हीएम (खऱ्या प्रोसेसरच्या मदतीने व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्समधली सोय) नसताना ब्रेकपॉइंट क्यूईएमयूचाच स्टब सांभाळतो, मेमरीला हात लागत नाही, हे उशिरा कळलं. दोन रात्री फुकट गेल्या.

हार्डवेअर ब्रेकपॉइंट चालतात, पण त्यांना प्रोसेसरमध्ये डीआर० ते डीआर३ अशी चारच घरं (रजिस्टर). मला एकट्या इंटरप्ट हँडलरमध्ये (उपकरणांच्या हाकेला ओ देणारा कोड) सहा लागतात.

आता इंटरप्ट बंद करून डब्ल्यूपी क्षणभर उतरवू, की त्याच फिजिकल पानाचं लिहिता येणारं दुसरं मॅपिंग (त्याच पानाला दुसरा पत्ता) तात्पुरतं करू? पहिली वाट सोपी, पण चोरवाट वाटते. पुढे प्रोसेसरचा दुसरा कोर सुरू करायचाय, तेव्हा कुठली टिकेल? कुणी केलंय का?

उत्तराला उशीर झाला तर रागावू नका, पावसाने सकाळपासून दोनदा लाइट गेलीय.